उद्योगातील पीएलसी : अक्कलकोट रोडच्या कारखान्यांच्या संदर्भात

१. रचना आणि काम

पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, हा यंत्राला कोणत्या क्षणी काय करायचे ते सांगणारा काटक संगणक असतो. त्याच्या एका बाजूला इनपुट जोडलेले असतात : बटणे, लिमिट स्विच, प्रॉक्सिमिटी सेन्सर, तापमान आणि दाब मोजणारी साधने. दुसऱ्या बाजूला आउटपुट : मोटरचे कॉन्टॅक्टर, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, दिवे, भोंगे, मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह. मधे प्रोसेसर असतो आणि त्याच्या मेमरीत साठवलेला प्रोग्रॅम.

काम एका ठरलेल्या चक्रात चालते. आधी सगळ्या इनपुटची स्थिती वाचून ठेवायची, मग प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सोडवायचा, निघालेले उत्तर आउटपुटवर पाठवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. या फेरीला स्कॅन म्हणतात. मध्यम आकाराच्या यंत्रावर एक स्कॅन काही मिलिसेकंदांत पुरा होतो. तो ठरलेल्या मुदतीत पुरा झाला नाही तर वॉचडॉग नावाचा अंतर्गत टायमर पीएलसीला थांबवतो, त्यामुळे अडकून पडलेला प्रोग्रॅम यंत्र हाकत राहत नाही.

पीएलसीचे बहुतेक सगळे फायदे एकाच गोष्टीतून निघतात. यंत्राच्या वागण्याचे नियम तारांच्या जोडणीतून काढून प्रोग्रॅममध्ये ठेवलेले असतात. हा फायदा कुठे मोठा आहे, कुठे किरकोळ आहे आणि कोणत्या अटीवर टिकतो, हे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चांगले तपासता येते. या एकाच वसाहतीत टॉवेल आणि चादरीचे यंत्रमागही आहेत आणि मोटारींच्या इंजिनांसाठी कॅमशाफ्ट बनवणारा कारखानाही आहे. यंत्रांच्या जाती वेगळ्या, भांडवल वेगळे, म्हणून पीएलसीची गरजही वेगळी.

२. रिले पॅनेल ते मॉडिकॉन

पीएलसी येण्यापूर्वी यंत्रांचे तर्क रिलेवर चालत. रिले म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडझाप होणारा स्विच. ‘झाकण बंद असेल आणि पाणी भरलेले असेल, तरच मोटर चालू’ अशा एका नियमासाठी दोनतीन रिले आणि त्यांच्यातल्या तारा लागत. मोठ्या यंत्राला शेकडो रिलेंचे कपाटभर पॅनेल लागे. त्यांचे कॉन्टॅक्ट झिजत, जळत, धुळीने निकामी होत. सगळ्यात त्रासाचे म्हणजे नियम बदलला की पॅनेल उघडून तारा नव्याने ओढाव्या लागत.

अमेरिकेतील मोटार उद्योगात दर नव्या मॉडेलबरोबर हा खर्च होई. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक या गिअरबॉक्स बनवणाऱ्या विभागाने रिलेंना पर्याय मागितला : कारखान्याच्या वातावरणात टिकणारा, पुन्हा पुन्हा प्रोग्रॅम करता येणारा आणि कारखान्यातल्याच इलेक्ट्रिशियनला हाताळता येणारा. मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्ड असोसिएट्स या कंपनीत डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा नियंत्रक बनवला. तो त्या कंपनीचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता, म्हणून त्याचे नाव मॉडिकॉन ०८४ पडले. १९६९ मध्ये तो जनरल मोटर्सकडे गेला. बाजारात पहिला मायक्रोप्रोसेसर १९७१ मध्ये आला, म्हणजे पीएलसी त्याच्याही आधीचा.

इलेक्ट्रिशियनला हाताळता यावा, या अटीतून लॅडर डायग्रॅम ही पद्धत रुजली. रिले सर्किटच्या नकाशात जसे दोन उभ्या रेषांमध्ये आडव्या पायऱ्यांवर कॉन्टॅक्ट आणि कॉइल दाखवत, तसेच प्रोग्रॅममध्ये दाखवायचे. त्यामुळे नकाशा वाचता येणाऱ्याला प्रोग्रॅमही वाचता आला. पुढे १९९३ मध्ये आयईसी ६११३१-३ या आंतरराष्ट्रीय मानकाने पाच भाषा ठरवून दिल्या : लॅडर, फंक्शन ब्लॉक, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट, इन्स्ट्रक्शन लिस्ट आणि सिक्वेन्शियल फंक्शन चार्ट. भारतातल्या कारखान्यांत आजही लॅडरच सर्वाधिक ओळखीची आहे. स्वदेशी पीएलसी बनवणाऱ्या सुरुवातीच्या कंपन्यांत पुण्याची मेसुंग ही एक.

३. जॅकार्डचा अनुभव

यंत्र तेच ठेवून त्याच्या सूचना बदलायच्या, हा विचार सोलापूरला संगणकाच्या आधीपासून माहीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील ल्यों शहरात जोसेफ मारी जॅकार यांनी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर चालणारी रचना मागावर बसवली; तिलाच जॅकार्ड म्हणतात. कार्डावर जिथे छिद्र असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. एका बाण्याला एक कार्ड. चादरीवरची वेलबुट्टी, मोर, काठावरचे नाव, सगळे कार्डांच्या माळेत साठवलेले असते. नक्षी बदलायची तर माळ बदलायची. मागाचा सांगाडा तोच.

भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर याच जॅकार्डवर घडली. आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड कार्डांऐवजी संगणकीय फाइल वाचतो. मात्र जॅकार्ड आणि पीएलसी यांत एक मूलभूत फरक आहे. जॅकार्डची माळ ठरलेल्या क्रमानेच पुढे सरकते. बाहेर काय घडते आहे याची तिला दखल नसते. पीएलसी दर स्कॅनला बाहेरची स्थिती वाचतो आणि तिच्यानुसार पुढचे पाऊल ठरवतो. पाणी भरले नसेल तर थांबतो, तापमान चढले नसेल तर वाट पाहतो, मोटर ट्रिप झाली तर पुढची क्रिया अडवतो.

प्रत्यक्ष मागावर मात्र पीएलसीचे काम थोडेच असते. साध्या यंत्रमागावर उघडझाप, धोट्याची फेक आणि फणीचा ठोका कॅम व दांड्यांनी होतो. धागा तुटल्यावर माग थांबवायला वेगळी साधी यंत्रणा पुरते. तिथे पीएलसी लावणे हा वाया खर्च. नव्या रॅपिअर मागावर टॉवेलची लूप पाडणे, बीम सोडणे आणि कापड गुंडाळणे ही कामे इलेक्ट्रॉनिक असतात, पण त्यासाठी माग बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा खास नियंत्रक असतो. कापड उद्योगात पीएलसीची खरी जागा मागाच्या आधी आणि नंतर आहे : डाईंग (सूत रंगवणे), वार्पिंग (ताण्याचे धागे बीमवर गुंडाळणे), सायझिंग (ताण्याला खळ लावणे), बॉयलर, कापड सुकवणारी यंत्रे आणि सांडपाणी प्रक्रिया.

४. डाईंगमधील फायदा

टॉवेल आणि चादरीचे रंगीत सूत विणण्याआधी रंगवले जाते. एका लॉटची छटा दुसऱ्या लॉटशी जुळली नाही तर टॉवेलवर पट्टा दिसतो आणि माल परत येतो. सुती धाग्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रिॲक्टिव्ह रंगांची छटा रंगाच्या मात्रेखेरीज मुख्यतः चार गोष्टींवर ठरते : तापमान, वेळ, मीठ आणि सोडा यांची मात्रा, आणि पाण्याचे सुताशी प्रमाण. अनेक रिॲक्टिव्ह रंग ६० अंश सेल्सिअसला सुतावर पक्के बसतात. तापमान मिनिटाला एक अंश या गतीने ४० वरून ६० वर न्यायचे ठरले, तर २० मिनिटे वाफेचा व्हॉल्व्ह सतत थोडाथोडा कमीजास्त करावा लागतो. सोडा एकदम ओतला तर रंग एकाच जागी घाईने पकडतो आणि डाग पडतात; तो हळूहळू, आधी कमी आणि मग जास्त असा सोडावा लागतो.

हाताने व्हॉल्व्ह फिरवणारा अनुभवी माणूस हे काम चांगले करतो. अडचण इतकीच, की पहाटे तीनच्या पाळीतला माणूस तेच काम तसेच करील याची खात्री नसते. पीएलसी ही खात्री देतो. टाकीतला पीटी-१०० सेन्सर तापमानाप्रमाणे आपला विद्युत रोध बदलतो : शून्य अंशाला १०० ओहम, १०० अंशाला सुमारे १३८.५ ओहम. पीएलसी तो वाचतो, हव्या तापमानाशी तुलना करतो आणि फरकाच्या प्रमाणात वाफेचा व्हॉल्व्ह उघडतो. फरक किती आहे, किती वेळ टिकला आहे आणि किती वेगाने बदलतो आहे, या तिन्हींचा हिशेब ठेवणाऱ्या पद्धतीला पीआयडी म्हणतात.

सेन्सरचा संदेश अनेकदा ट्रान्समीटर नावाचे उपकरण ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाहाच्या रूपात पाठवते. ट्रान्समीटर ० ते १५० अंशांसाठी लावलेला असेल तर ६० अंशाला १०.४ मिलिअँपिअर प्रवाह येतो. सुरुवात शून्याऐवजी ४ पासून करण्याचा फायदा असा, की तार तुटली तर प्रवाह शून्य होतो आणि पीएलसीला ते तत्काळ कळते. शून्य अंश तापमान आणि तुटलेली तार यांची गल्लत होत नाही.

प्रत्येक छटेची कृती रेसिपी म्हणून साठवता येते. सहा महिन्यांनी तीच ऑर्डर आली की रेसिपी निवडायची. लॉटचा तापमान-आलेख जपून ठेवता येतो, म्हणून माल बिघडला तर रंग चुकला की वाफ कमी पडली हे नोंदीवरून कळते. पाण्याचाही हिशेब सुधारतो. सोलापूर हा अवर्षणाचा जिल्हा, शहराचे पाणी मुख्यतः उजनी धरणावर अवलंबून. टाकी ठरलेल्या पातळीवर भरून पाणी बंद होणे आणि पुन्हा रंगवावे लागणारे लॉट कमी होणे, या दोन्ही गोष्टी तिथे थेट पाण्याची बचत ठरतात.

५. सायझिंग, बॉयलर आणि सांडपाणी

सायझिंगमध्ये, म्हणजे ताण्याला जिथे खळ लावली जाते तिथे, सुताची ओल आणि ताण सांभाळावा लागतो. वाफेच्या सिलिंडरांवर सूत जास्त वाळले तर ठिसूळ होते आणि मागावर तुटते. ओले राहिले तर बीमवर चिकटते. पीएलसी ओलीचे माप घेऊन यंत्राचा वेग बदलतो आणि वेगवेगळ्या रोलरांचे ड्राइव्ह एकमेकांशी जुळते ठेवतो. एका ड्राइव्हने वेग घेतला आणि दुसरा मागे राहिला तर हजारो धागे एकदम ताणले जातात. हे जुळवणे रिलेच्या आवाक्यातले नव्हते.

बॉयलरवर पीएलसी पाण्याची पातळी, इंधन आणि हवा यांचा क्रम पाळतो. पातळी खाली गेली की इंधन तोडणे, आग पेटवण्याआधी भट्टीतला साचलेला वायू पंख्याने बाहेर काढणे, ही पावले तो घाईत गाळत नाही. तरी सेफ्टी व्हॉल्व्ह यांत्रिकच राहतो. दाब वाढला की तो स्प्रिंगच्या बळावर उघडतो. त्याला वीज लागत नाही आणि प्रोग्रॅमही लागत नाही.

सांडपाणी प्रक्रियेत कामे संथ पण अखंड असतात : पीएच मोजून आम्ल किंवा चुना सोडणे, ब्लोअर आळीपाळीने चालवणे, एक पंप बिघडला तर दुसरा सुरू करणे. अशा कंटाळवाण्या कामांत माणसाचे लक्ष उडते, म्हणून तिथे स्वयंचलन लवकर फळते.

६. कॅमशाफ्ट आणि फाउंड्री

प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही १९९२ मध्ये स्थापन झालेली कंपनी याच वसाहतीतून वाढली आणि देशाबाहेरच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवू लागली. तिच्या ग्राहकांत जनरल मोटर्सही होती, जिच्या मागणीतून पीएलसी जन्माला आला. मोटार उद्योगाला लागणाऱ्या सुट्या भागांत प्रत्येक नग सारखा असावा लागतो आणि तो कसा बनला याची नोंदही लागते. दोन्ही गरजा स्वयंचलनाकडे नेतात.

असे भाग ओतून घडवणाऱ्या फाउंड्रीत वाळू, बेंटोनाइट माती आणि पाणी मोजून मिसळणे, साचे पुढे सरकवणे आणि इंडक्शन फर्नेसच्या थंड पाण्यावर लक्ष ठेवणे ही पीएलसीची नेहमीची कामे. फर्नेसच्या कॉइलमधले पाणी थांबले तर तांबे काही वेळातच वितळू शकते, म्हणून ‘पाण्याचा प्रवाह नाही, तर वीज नाही’ हा इंटरलॉक तिथे अत्यावश्यक असतो. मशीन शॉपमध्ये सीएनसी यंत्राच्या आतही एक पीएलसी दडलेला असतो. हत्याराचा मार्ग आखणे हे सीएनसीचे काम. हत्यार बदलणे, नग पकडणे, कूलंट सोडणे, दार बंद असल्याची खात्री करणे हे पीएलसीचे.

जिल्ह्यातील साखर कारखान्यांत हेच तंत्र मोठ्या प्रमाणावर दिसते. गव्हाणीत उसाच्या थराच्या जाडीनुसार कॅरिअरचा वेग बदलणे, रसाचे तापमान राखणे, टर्बाइनचे संरक्षण करणे. गाळप हंगाम काही महिन्यांचाच असल्यामुळे तिथे एक तासाचा खोळंबा महाग पडतो. शेकडो मापे एकत्र हाताळायची असतात तेव्हा पीएलसीऐवजी किंवा त्याच्या जोडीने डीसीएस ही विभागलेली नियंत्रण प्रणाली वापरतात.

७. बिघाड लवकर सापडणे

लहान कारखानदाराला पीएलसीचा जो फायदा सर्वांत आधी जाणवतो तो बिघाड शोधण्याचा. प्रत्येक इनपुट आणि आउटपुटसाठी पीएलसीवर एक बारीक दिवा असतो. यंत्र थांबले आणि लिमिट स्विच दाबूनही त्याचा दिवा लागला नाही, तर दोष स्विचमध्ये किंवा तारेत आहे. आउटपुटचा दिवा लागला पण मोटर फिरली नाही, तर दोष कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड किंवा मोटरकडे. कपाटभर रिलेंमध्ये मीटर घेऊन शोधण्याचे काम काही मिनिटांवर येते. एचएमआय, म्हणजे स्पर्शाने चालणारा पडदा, जोडला तर ‘झाकणाचा स्विच मिळाला नाही’ असा संदेश मराठीतही दाखवता येतो आणि रात्रीच्या पाळीतला ऑपरेटर फोनवर नेमका दोष सांगू शकतो.

दुसरा फायदा बदलाचा. एक अट वाढवायची तर बहुतेक वेळा नवा रिले, पॅनेलला भोक आणि तारांचा नवा गुंता लागत नाही. प्रोग्रॅममध्ये एक पायरी वाढते. टायमर, काउंटर आणि तुलना हे सगळे पीएलसीच्या आतच असते, त्यामुळे पॅनेल लहान होते. पीएलसी एकमेकांशी आणि संगणकाशी बोलू शकतात. १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने आणलेला मॉडबस हा संवादनियम अजूनही ऊर्जामापक, ड्राइव्ह आणि तापमान-नियंत्रकांत सर्रास आढळतो. त्यामुळे कोणत्या खात्यात किती वीज गेली, कोणते यंत्र किती वेळ बंद होते, हे अंदाजाने सांगावे लागत नाही.

८. वीज, ऊन आणि तंतू

सोलापूरच्या परिस्थितीत पीएलसीची परीक्षा तीन गोष्टी घेतात.

पहिली वीज. पुरवठा गेला आणि परत आला की सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या तर व्होल्टेज कोसळते, कारण थेट जोडलेली इंडक्शन मोटर सुरू होताना नेहमीच्या पाचसहा पट प्रवाह ओढते. पीएलसी त्यांना काही सेकंदांच्या अंतराने सुरू करतो. चालू असलेल्या लॉटची पायरी वीज गेली तरी टिकणाऱ्या रिटेन्टिव्ह मेमरीत राहते, म्हणून डाईंगचे चक्र कुठवर आले होते ते हरवत नाही. मात्र वीज आल्यावर यंत्र आपोआप फिरू नये. माणसाने रीसेट दाबल्याशिवाय धोकादायक हालचाल सुरू होणार नाही, असा प्रोग्रॅम लिहावा लागतो.

दुसरी उष्णता. बऱ्याच पीएलसींची मर्यादा ५५ किंवा ६० अंशांची असते. उन्हाळ्यात बाहेर चाळिशीच्या वर पारा आणि पत्र्याखालच्या शेडमध्ये ड्राइव्ह बसवलेले बंद पॅनेल, यांत ही मर्यादा दूर राहत नाही. पॅनेल भिंतीच्या सावलीत, बॉयलर आणि डाईंगच्या वाफेपासून लांब असावे, ड्राइव्ह आणि पीएलसी यांच्यात अंतर असावे.

तिसरी गोष्ट कापसाचे तंतू. पॅनेल थंड ठेवायला लावलेला पंखाच तंतू आत ओढतो. फिल्टर चोंदला की पॅनेल आणखी तापते. फिल्टरची नियमित सफाई, घट्ट रबरी कडा आणि गरज असेल तिथे पॅनेलचा वेगळा एसी, हे खर्च पीएलसीच्या किमतीतच धरावे लागतात.

९. सुरक्षिततेची सीमा

पीएलसीमुळे यंत्र अधिक शिस्तीने चालते, पण साधा पीएलसी हे सुरक्षा-साधन मानले जात नाही. त्याचे आउटपुट चिकटू शकते, प्रोग्रॅम चुकू शकतो. म्हणून इमर्जन्सी स्टॉपचे लाल बटण प्रोग्रॅमवर सोडून चालत नाही. ते सेफ्टी रिलेमार्फत मोटरचा पुरवठा थेट तोडते आणि पीएलसीला फक्त तशी खबर देते. जास्त जोखमीच्या यंत्रांसाठी दुहेरी प्रोसेसरचे आणि स्वतःची तपासणी करणारे सेफ्टी पीएलसी मिळतात. थांबवण्याचे बटण नेहमी बंद कॉन्टॅक्टचे जोडतात, म्हणजे तार तुटली तरी यंत्र थांबतेच.

यंत्राबाहेरची सुरक्षितता तर पीएलसीच्या कक्षेतच येत नाही. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला. आगीची सूचना देणारी यंत्रणा, बाहेर पडण्याच्या वाटा, तंतूंची सफाई आणि विजेच्या जोडणीची तपासणी ही स्वतंत्र कामे आहेत. यंत्रावर पीएलसी बसला म्हणून ती झाली, असे धरता येत नाही.

१०. फायदा टिकण्याच्या अटी

नियम प्रोग्रॅममध्ये गेले की कारखान्याचे ज्ञानही तिथेच जाते. रिले पॅनेल उघडून तारा मोजता येत असत. पासवर्ड लावलेला प्रोग्रॅम मालकालाही वाचता येत नाही. यंत्र पुरवणाऱ्याने प्रोग्रॅमची प्रत दिली नाही आणि काही वर्षांनी पीएलसी जळला, तर नवे हार्डवेअर बाजारात मिळूनही यंत्र बंदच पडून राहते. म्हणून खरेदीच्या करारातच चार गोष्टी मागाव्या लागतात : टिपणांसह प्रोग्रॅमची प्रत, पासवर्ड, पॅनेलचा अद्ययावत नकाशा आणि तो प्रोग्रॅम उघडणाऱ्या सॉफ्टवेअरची माहिती. प्रोग्रॅममध्ये बदल झाला की नवी प्रत तारीख घालून ठेवावी. एका जातीचा एक जादा पीएलसी कपाटात असला तर दुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही; म्हणून कारखान्यात शक्यतो एकाच कंपनीची मालिका वापरणे सोयीचे.

दूरवरून प्रोग्रॅम पाहता यावा म्हणून इंटरनेटचा मोडेम जोडला जातो, तेव्हा दुसरी जोखीम येते. २०१० मध्ये उघड झालेल्या स्टक्सनेट या संगणकीय किड्याने इराणच्या अणुकार्यक्रमातील सीमेन्स पीएलसींना लक्ष्य केले आणि पडद्यावर सर्व काही ठीक दिसत असताना यंत्रांचा वेग बदलला. टॉवेल कारखान्यावर कोणी असा हल्ला करील असे नाही. पण कारखान्याने यातून हाच धडा घ्यायचा, की मोडेम दुरुस्तीपुरता जोडावा आणि कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड बदलावा.

शेवटची अट माणसांची. पीएलसीने विणकर हटत नाही, कारण विणकाम मागावरच होते. व्हॉल्व्हवर उभ्या राहणाऱ्या मदतनिसाचे काम मात्र कमी होते आणि सेन्सर, ड्राइव्ह, लॅडर समजणाऱ्या माणसाची गरज वाढते. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन आणि पदविकाधारक ही दरी भरू शकतात, जर त्यांना यंत्रापाशी बसून प्रोग्रॅम ऑनलाइन पाहायला मिळाला तर. रंगाची मात्रा आणि वेळ जाणणारा जुना डाईंग मास्टर सुद्धा इथे अनावश्यक होत नाही. रेसिपीतले आकडे त्याच्याकडूनच येतात. प्रोग्रॅम लिहिणारा त्याच्याशी बोलला नाही, तर पीएलसी चुकीची कृती अचूकपणे पुन्हा पुन्हा करीत राहतो.

यावरून गुंतवणुकीचा क्रमही ठरतो. साध्या मागांवर पीएलसी लावण्यात अर्थ नाही. जिथे तापमान, ओल, पातळी किंवा क्रम चुकला की पूर्ण लॉट वाया जातो, म्हणजे डाईंग, सायझिंग, बॉयलर, फर्नेस, तिथे तो आधी बसवावा. त्यानंतर वीज आणि पाण्याच्या नोंदी, मग खात्यांमधली जोडणी. आणि या प्रत्येक टप्प्यावर प्रोग्रॅमची प्रत कारखान्याच्या स्वतःच्या कपाटात असावी.